भवानीला आलेले अनंतशेठ

टर्रर्रर्र!

ओट्यावरचं स्टीलचं पातेलं एकटंच थरथरत होतं. वेसाव्याच्या त्या गल्लीत अजून कुणाचा नळसुद्धा सुरू झाला नव्हता, आणि हे पातेलं असं वाजत होतं, जणू आत एखादा खेकडा जिवंत राहिलाय! आत खेकडा नव्हता, कल्पिताचा फोन होता. ऑर्डर आली की घंटी सगळ्या घराला ऐकू जावी म्हणून तिनंच रात्री तो पातेल्यात ठेवला होता.

कल्पिता ताडकन उठली असती, पण तिच्या गाऊनची कड सईच्या मुठीत होती. चार वर्षांची पोर, पण झोपेतली पकड खेकड्यालाही लाजवेल अशी! एकेक बोट सोडवायचं, सोडवलेलं बोट परत मिटू नये म्हणून त्यावर हलकी फुंकर घालायची, मग पुढचं बोट. पाचवं सुटलं तशी ती चवड्यांवर धावत ओट्यापाशी पोचली.

"आई! अहो आई! ऑर्डर आली!"

तिची सासू अंजनाबाई बंदरावरून नुकतीच मासळी घेऊन आली होती आणि अंगणात बर्फ फोडत होती. "वरडतेस काय गो? पोर उठंल."

"पहिली ऑर्डर, आई! आपल्या साईटवरची पहिली!"

बर्फ फोडायची मोगरी हवेतच थांबली. "म्हंजे आजची भवानी?"

आता कल्पिताचा आदल्या रात्रीचा पराक्रम सांगायलाच हवा. जेवताना तिनं सासू-सासऱ्यांसमोर छातीठोकपणे जाहीर केलं होतं, "उद्यापासून तुम्ही बाजारात नुसतं बसायचं. गिऱ्हाईक आपल्या पायानं येईल. आणि यावेळी काही म्हणजे काही बिघडणार नाही!" कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या माणसानं हे शेवटचं वाक्य कधी उच्चारू नये. कल्पिता तर साकीनाक्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती, म्हणजे तिला हे माहीत असायला हवं होतं.

सई झाल्यापासून ती घरून काम करायची. सई झोपली की इंजिनिअर, सई उठली की मम्मी. ह्या दोन नोकऱ्यांच्या फटीत जो वेळ सापडेल त्यात तिनं सासूसाठी मासळीच्या ऑर्डरची साईट बनवली होती. ती ठेवली होती 'नभस्टॅक' नावाच्या कंपनीकडे. आपलं दुकान दुसऱ्याच्या ओटीवर मांडावं, तसंच ते. ओटी त्यांची, झाडलोट त्यांची, दिवाबत्ती त्यांची, माल आपला. आणि कालच त्या नभस्टॅकचं पत्र आलं होतं: आमच्याकडे नव्या सोयी आल्या आहेत!

सोयी तरी किती! झोपी गेलेली साईट आता डोळे मिचकावायच्या आत जागी होणार. साईटमध्ये काही बदल केला की खऱ्या दुकानाला हात न लावता आधी त्याची हुबेहूब नकली प्रत उभी राहणार. बदल आवडला नाही तर 'मागे फिरा' नावाचं एक बटण. आणि सगळ्यांत झकास म्हणजे 'चाचणी सहाय्यक'! हा एक यांत्रिक गिऱ्हाईक. तुम्ही साईटमध्ये केसाएवढा बदल केलात तरी तो त्या नकली दुकानात येणार, माणसासारखा फिरणार, प्रत्येक बटण दाबून बघणार आणि सगळं नीट चालतंय का ते सांगणार.

'जुन्या दुकानातलं सगळं नकली दुकानात घेऊ का?' असं नभस्टॅकनं विचारलं. शेजारी सई झोपेत कूस बदलत होती. ती उठली तर सगळंच राहील, ह्या घाईत कल्पितानं 'हो' दाबलं. सगळं तिकडे गेलं. फोटो गेले, भाव गेले, आणि ऑर्डर आली की वाजायची ती खरी घंटीसुद्धा गेली! दुकान नकली, घंटी खरी. पण हे तिच्या लक्षात यायला अजून बराच अवकाश होता. सध्या ती ओट्यापाशी उभी राहून आनंदानं नाचत होती.

"काय मागतंय गिऱ्हाईक?" अंजनाबाईनं पदराला हात पुसत विचारलं.

"सुरमई... पापलेट... कोळंबी... हलवा..." कल्पिता वाचत गेली, आणि तिचा आवाज वर वर चढत गेला. "आई, सगळंच मागतंय हो!"

"समदं? नाव काय?"

"अनंत. पैसे भरल्याचीही खूण आहे. आणि खाली लिहिलंय, 'तुकड्या मध्यम करा, डोकी वेगळी बांधा.'"

अंजनाबाईनं भुवया उंचावल्या. "जानकार मानूस हाय गो! हल्लीच्या लोकांना मासळीला डोकं असतं ह्येच म्हाईत नाय. अनंतशेठ म्हन त्यांना."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. आणि अंजनाबाईच्या आख्ख्या आयुष्याचा एक कायदा होता: भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. त्यानं बोंबील मागितला तर बोंबील द्यायचा आणि समुद्र मागितला तर समुद्र कुठे मिळतो ते विचारून यायचं. भवानी परत गेली की दिवस बसला!

अडचण एकच होती. अंगणातली मासळी त्या दिवशी विकायची नव्हतीच. ती वनमालाच्या घरची होती. वनमालाच्या लेकाची संध्याकाळी हळद होती आणि हळदीच्या जेवणाची मासळी अंजनाबाई देणार, असा शब्द गेला होता. शब्दही साधासुधा नाही! अंजनाबाई आणि वनमाला लहानपणापासूनच्या मैत्रिणी, पण बाजारात बसायच्या जागेवरून दोघींचं असं वाजलं होतं की गेली दोन वर्षं समोरासमोर आल्या तरी त्या एकमेकींच्या टोपल्यांशी बोलायच्या. आता हळदीच्या निमित्तानं वनमाला स्वतः उंबरा चढून आली होती. "मासली तुझ्याकडचीच पायजे अंजना," एवढंच म्हणाली आणि दोघी डोळे पुसत बसल्या.

"आई, ही हळदीची आहे ना?" कल्पितानं विचारलं.

"हाय की. पन कृणालची बोट दुपारला लागंल, ती हळदीला देऊ. जेवन तर संध्याकाळचं हाय. भवानीला नाय कसं म्हनू?"

कृणाल म्हणजे कल्पिताचा नवरा. चार दिवसांपूर्वी समुद्रात गेला होता आणि आज येणार होता. हिशेब चोख होता. अंजनाबाईनं विळी पुढे ओढली, तुकड्या मध्यम केल्या, डोकी वेगळी बांधली. सासरे तुळशीदास यांनी थर्माकोलचे खोके टेम्पोत चढवले. पत्ता फोनवर आपोआप गेलाच होता, त्यांना फक्त नकाशातल्या बाईचं ऐकायचं होतं.

"सूनबाय, तुझ्या साईटीनं कमाल केली," जाता जाता ते म्हणाले. कल्पिता इतकी फुगली की तिला घरात यायला दार अरुंद पडलं.

मग सई उठली. सई उठली म्हणजे इंजिनिअर संपली. आधी दात घासताना पेस्टचं चित्र काढायचं, मग दूध, मग 'हे दूध नको, कालचं हवं', मग आंघोळ, मग दोन वेण्या, त्यातली एक 'वाकडी हसतेय' म्हणून परत. कल्पिताला घाई असायची तेव्हा सईचे केस अजूनच मऊ लागायचे, आणि ती घाई विसरून त्यांत बोटं फिरवत बसायची. असं करता करता ऊन ओट्यावर आलं, तेव्हा कुठे लॅपटॉप उघडला.

नभस्टॅकचा अभिनंदनाचा निरोप आला होता. 'चाचणी यशस्वी! तुमच्या चाचणी सहाय्यकानं पहाटे एक ऑर्डर देऊन पाहिली. सर्व बटणं व्यवस्थित चालत आहेत.'

कल्पितानं तो निरोप वाचला. परत वाचला.

अनंतशेठ म्हणजे तो!

आणि जाणकारपणा कुठून आला? तोही तिचाच! सासूच्या जुन्या गिऱ्हाइकांना साईटवर काय लिहायचं ते कळावं म्हणून तिनं प्रत्येक चौकटीत फिकट अक्षरात नमुना लिहून ठेवला होता. नावाच्या चौकटीत 'जसं की, अनंत'. सूचनेच्या चौकटीत 'जसं की, तुकड्या मध्यम करा, डोकी वेगळी बांधा'. यंत्र बिचारं आज्ञाधारक. जे नमुन्यात दिसलं ते भरलं, प्रत्येक मासळीचं बटण दाबलं, आणि पैसे भरल्याची खूण तर चाचणीत आपोआपच उमटते.

तिनं सासऱ्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, तसा तिनं आपला फोन परत पातेल्यात टाकला. टेम्पो चालवताना तुळशीदास फोन सीटखाली ठेवत, अगदी वळणाची सूचना ऐकण्यापुरता वर काढत आणि बाई बोलली की परत सीटखाली.

"शांत हो कल्पिता," तिनं स्वतःला सांगितलं. "'मागे फिरा' आहे ना!"

तिनं बटण दाबलं. साईट मागे फिरली. आणि मागे फिरणं हाही एक बदलच, नाही का? बदल झाला म्हणजे चाचणी आली.

टर्रर्रर्र! ओट्यावरचं पातेलं थरथरलं. अनंतशेठ परत आले होते! तीच सुरमई, तेच पापलेट, तीच डोकी वेगळी!

"मम्मी, पातेल्याला थंडी वाजतेय," सई म्हणाली.

कल्पितानं घाम पुसून सेटिंग शोधलं. 'चाचणी सहाय्यक बंद करा.' दाबलं. त्यावर नभस्टॅकनं अत्यंत नम्रपणे कळवलं, 'हा बदल जतन करण्याआधी एक शेवटची चाचणी घेतली जाईल. धन्यवाद!'

टर्रर्रर्र!

"अगं बाई गं!" कल्पिता ओरडली. तेवढ्यात फोन खराच वाजला. बाजारातून अंजनाबाई. ऑर्डरची घंटी कल्पितानं तिच्याही फोनवर जोडून दिली होती.

"सूनबाय! अनंतशेठची परत दोन वेला घंटी आली! मानूस भुकेला हाय गो! माझ्याकडं आता कायच नाय, बाजूला बसते त्या मालनची पाटी उचलते."

"आई, नका! थांबा! तो माणूस नाहीये!"

"मानूस नाय, देवमानूस हाय!" पलीकडे बाजारातला कोलाहल, आणि त्यावर अंजनाबाईचा विजयी सूर. "मालन, बगतेस काय, दे हिकडं! माज्या सुनंचं गिऱ्हाईक हाय!"

"आई, ऐका तरी, ते यंत्र आहे, मशीन!"

"मशीन लावून तोलते, तू नको काळजी करू." फोन बंद.

परत लावला तर 'व्यस्त'. अंजनाबाई आता आख्ख्या वेसाव्याला अनंतशेठची महती सांगत असणार. निदान मासळी गेलीय कुठे ते बघावं, म्हणून कल्पितानं पहाटेची ऑर्डर उघडली. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं पत्ता वाचला.

'गाळा चौदा, दुसरा मजला, इंडस्ट्रियल इस्टेट, साकीनाका.'

हा पत्ताही नमुन्यातलाच. 'पत्ता असा पूर्ण लिहावा' हे दाखवायला तिला एक भरपूर लांब पत्ता हवा होता. पाठ असलेला सगळ्यांत लांब पत्ता तिनं टाकला होता.

तिच्या ऑफिसचा!

फोन वाजला. अनिरुद्धचा. अनिरुद्ध म्हणजे तिचा साहेब, पुण्याहून आलेला, वयानं तिच्याएवढाच, मासा आयुष्यात फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला.

"कल्पिता!" त्याचा आवाज गहिवरला होता. "काय बोलू यार! तुझे सासरे आलेत. चार खोके! आम्हाला वाटायचं, घरून काम करणारी माणसं टीमला विसरतात. आणि तू... नवं व्हर्जन वेळेवर गेल्याचा आनंद तू असा साजरा केलास!"

"सर, ते..."

"सर नको म्हणू गं. आणि ऐक, घरून काम करायची मुदत वाढवून मागितली होतीस ना? वर्षभर पक्कं समज. आत्ताच आम्ही सगळ्या मजल्यावर वाटायला सुरुवात केलीय, तुझ्याच नावानं!"

"वाटायला?" कल्पिता किंचाळली, पण फोन ठेवला गेला होता. लगेच पुन्हा वाजला. यावेळी कृणाल, बंदरावरून, दमलेला.

"कल्पू, आईचा फोन लागत नाय. तिला सांग, यावेळी माल नाय. जाळ्यात नुसत्या पिशव्या! सगळ्या मुंबईनं भाजी आणलेल्या पिशव्या आमच्याच जाळ्यात. हळदीचं दुसरीकडून बघायला सांग."

दुसरीकडून! दुसरीकडे काही उरलं असतं तर ना! कृणालची बोट रिकामी, मालनची पाटी अनंतशेठच्या नावानं तोललेली, आणि वनमालाच्या हळदीची मासळी साकीनाक्याला गाळ्यागाळ्यातून वाटली जातेय. दोन वर्षांनी जुळलेली मैत्री संध्याकाळी पानावर नुसता भात बघून पुन्हा तुटणार. आणि गावाला कळणार, अंजनाबाईचा शब्द कुणी बुडवला? सुनेनं. कशानं? तिच्या त्या साईटीनं!

कल्पितानं एका खांद्याला लॅपटॉप अडकवला, एका कडेवर सई घेतली आणि वेसाव्याचं मेट्रो स्टेशन गाठलं.

डब्यात बसल्या बसल्या तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला, लॅपटॉपवर सईनं आपली बाहुली बसवली. बाहुली उचलली की सईचा ओठ पुढे यायचा, म्हणून कल्पिता बाहुलीच्या पायांमधून वाचत होती. अखेर अंधेरी मागे पडता पडता तिला ती ओळ सापडली. एवढीशी, पानाच्या तळाशी, जणू लाजून बसलेली: 'चाचणीच्या ऑर्डरी खऱ्या यादीत पाठवायच्या? हो.'

तिनं 'नाही' केलं आणि श्वास रोखून धरला. पर्समधला फोन एकदा वाजला. शेवटचा. समोरच्या सीटवरच्या आजोबांनी दचकून आपला खिसा चाचपला. मग शांतता. तिनं तिथूनच अंजनाबाईला निरोप बोलून पाठवला: "आई, नवी ऑर्डर रद्द झालीय. मालनमावशींची पाटी परत द्या. बाकीचं आल्यावर सांगते." खरं काय ते सांगायचं धैर्य तिला मेट्रोत झालं नाही.

साकीनाक्याचा तो इस्टेटचा जिना चढताना एरवी तेल आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. आज पहिल्याच पायरीवर बंदर लागलं! पहिल्या मजल्यावरच्या स्क्रूच्या गाळ्यातला माणूस पापलेटाची पिशवी हलवत म्हणाला, "थँक्यू हां मॅडम!" पॅन्टच्या चेन बनवणाऱ्या गाळ्यातल्या बायकांनी तर हात जोडले. कल्पिता हसली. रडताना चेहरा जसा होतो तसाच तो हसताना होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

ऑफिसात मीटिंगच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली होती. टेबलाच्या मानाच्या खुर्चीत सासरे तुळशीदास! एका हातात चहा, दुसऱ्यात सुरमईचं डोकं. भोवती आठ इंजिनिअर.

"कल्ला लाल बगायचा. लाल नाय म्हंजे शिला. समजलं का? काय समजलं, सांग."

"लाल नाही म्हणजे शिळा, काका," एक इंजिनिअर म्हणाला.

"हां! आली बग सूनबाय! काय मानसं हायत गो तुझी! अनंतशेठ बाहेर गेलेत वाटतं, कुनालाच म्हाईत नाय. पन मानसं चांगली."

अनिरुद्ध पुढे आला. त्यानं हातात हलवा माशाची एक तुकडी धरली होती, पण अंगापासून इतका लांब, की हात त्याचा नसून शेजाऱ्याचा वाटावा. "कल्पिता, भाषण!"

टाळ्या पडल्या. कोपऱ्यातून तिची मैत्रीण श्वेता मीठ-मसाल्यानं माखलेला हात हलवत होती. "मी थोड्या तुकड्या लावून ठेवल्यात गं, तळायला कढई मागवलीय!"

कल्पितानं सईला खाली उतरवलं. सई लगेच टेबलापाशी जाऊन माशांच्या डोळ्यांत डोळे घालून बघू लागली, कोण आधी पापणी मिटतं ते. कल्पिता त्या दोन वेण्यांकडे बघत राहिली. गप्प राहिली तर वर्षभर ह्या वेण्या रोज सकाळी तिच्याच हातानं घालता येणार होत्या. गप्प राहणं किती सोपं होतं! नुसतं हसायचं आणि 'एन्जॉय करा' म्हणायचं.

पण तिला उंबऱ्यावर डोळे पुसत बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या मैत्रिणी दिसल्या.

"हे मासे मी पाठवलेले नाहीत," ती म्हणाली. "ते एका हळदीचे आहेत. संध्याकाळी हळद आहे. मला ते परत हवेत. सगळे."

टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले. तिनं एका दमात सांगून टाकलं: नव्या सोयी, नकली दुकान, खरी घंटी, फिकट अक्षरं, अनंतशेठ.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग श्वेतानं हातातलं पातेलं झाकलं आणि हळूच विचारलं, "मीठ लावलेलं चालेल का गं?" तुळशीदासांनी सुरमईचं डोकं खाली ठेवलं आणि ते पहिल्यांदाच चहा न संपवता उठले. "म्हंजे अनंतशेठ नायच?"

"नाहीत, बाबा."

"आनि मी वॉचमनला तीन वेला विचारलं!"

अनिरुद्ध मात्र दगड झाला होता. मासळी परत जाण्याचं त्याला काही वाटलं नाही. हातातला हलवा सुटला म्हणून उलट तो मोकळाच झाला होता. पण त्याच्यातल्या इंजिनिअरला जबर धक्का बसला होता. "चाचणीची प्रत... तू खऱ्या यादीला जोडलीस?" तो कुजबुजला, जणू कुणी देवघरात चप्पल घालून गेल्याचं ऐकलंय. "नीट न वाचता 'हो' दाबलंस?"

"सई उठत होती."

"कल्पिता, ते घरून काम करायचं... आपण जरा थांबू या. सोमवारपासून ऑफिसला येत जा. डोळ्यांसमोर असलेली बरी."

ती 'बरं' म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आणि मग ती वरात निघाली! पुढे कल्पिता, तिच्या बोटाला सई, मागे रिकामा खोका घेऊन तुळशीदास. दिलेली भेट परत मागणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं मागितलं त्यालाच कळेल. प्रत्येक गाळ्याच्या दारात तिच्या तोंडून शब्द निघेना, सईनंच काम सोपं केलं. "काकी, आमचा मासा द्या ना, नवरीकडे जायचंय त्याला."

चेनच्या गाळ्यातल्या बायकांनी खळखळून हसत सगळं परत दिलं, वर दोन लिंबं घातली. स्क्रूवाल्यानं पिशवी दिली, पण 'थँक्यू' मात्र परत घेतलं. तसं त्याच्या तोंडावर लिहिलेलंच होतं. एक पापलेट तेवढं हाती लागलं नाही, ते इस्टेटच्या मांजरीनं जिन्याखाली नेलं होतं आणि तिच्याशी बोलणी करण्यात अर्थ नव्हता.

परतीला टेम्पोत कल्पिता खोक्यांवर हात ठेवून बसली. दर सिग्नलला बर्फ वितळल्याचा आवाज तिला ऐकू यायचा. तो आवाज नसतो हे तिला माहीत होतं. तरी यायचा. "बाबा, पोचू ना?" "पोचू गो." पुढचा सिग्नल. "बाबा, टिकेल ना?" "तू अशीच विचारत रायलीस तर मासा घाबरून टिकेल."

वनमालाच्या दारातल्या मांडवात चुली पेटल्या होत्या आणि त्यांवर मोकळी पातेली ठेवली होती. बायका मसाला वाटून हात बांधून बसल्या होत्या. अंजनाबाई खांबाला टेकून उभी होती, आणि वनमाला तिच्याकडे पाठ करून. टेम्पोचा आवाज आला तशी दोघींनी एकदमच मान वळवली.

खोके उतरले. वनमालानं झाकण उघडलं, एक तुकडी उचलली, नाकापाशी नेली. कल्पितानं सईचा हात इतका घट्ट धरला की सई 'आऊ' म्हणाली.

"ताजी हाय," वनमाला म्हणाली. सगळ्या मांडवानं श्वास सोडला. "पन अंजना, हळदीला कुनी मध्यम तुकड्या करतं का गो? लोक म्हनतील वनमालानं हात आखडला! आनि ह्या येवढ्यांना मीठ कुनी लावलं?"

"मोठं गिऱ्हाईक होतं, त्याची आवड," अंजनाबाई ठसक्यात म्हणाली. "तुला जल्मात कळायचं नाय."

"जा गो, बाजारात माझ्या जागेवर बसून शहाणपना करते!"

"माझीच जागा हाय ती!"

आणि दोघी भांडायला लागल्या, तोंडावर, एकमेकींचे हात धरून. टोपल्यांशी बोलणं संपलं होतं. कल्पिताला पहिल्यांदाच पाय दुखल्याचं जाणवलं.

पातेल्यांत मासळी पडली, ढोल वाजू लागला, तेव्हा तिनं अंजनाबाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही.

"म्हंजे त्यो खातच नाय?"

"नाही, आई."

"मध्यम तुकड्या, डोकी वेगळी, ह्ये सगलं तूच लिवलेलं?"

"हो."

"चांगलं लिवलंस." अंजनाबाईनं नाक ओढलं. "पन भवानी तर त्यानंच केली ना? आनि त्याची मासली आपुन काढून घेतली." ती उठली, चुलीपाशी गेली, एका ताटलीत भात आणि कालवणातली एक बरी तुकडी वाढून घेतली, वर दुसरी ताटली झाकली आणि मांडवाच्या कोपऱ्यातल्या फळीवर ठेवून दिली. ह्यावर नभस्टॅकच्या नव्या सोयींमध्ये काहीही लिहिलेलं नव्हतं.

सई जेवून तिच्या मांडीत येऊन बसली होती. एक वेणी सुटली होती, गालाला हळद लागली होती, कुणी लावली कोण जाणे. कल्पिता सुटलेले केस बोटांनी गोळा करू लागली. सोमवारपासून हे कुणी करायचं, हा विचार तिनं जेवढा लांब ढकलता येईल तेवढा ढकलला.

"मम्मी, ते ताट कुणाचं?"

"अनंतकाकांचं."

"ते यंत्र आहेत ना?"

"हो, बाळा."

सई फळीवरच्या झाकलेल्या ताटलीकडे बघत राहिली. तिचे डोळे पेंगुळले होते, तरी ती विचार करत होती. मग तिनं मान वर केली.

"त्यांना स्वतःचं घर नाही, म्हणून त्यांनी तुझ्या ऑफिसचा पत्ता दिला ना? मग मम्मी, सगळी बटणं दाबून झाल्यावर ते कुठे जातात?"